केळीच्या भावांचा बॉक्स प्लॉट: आर भाषेत माउस नेला की बोलणारा आलेख

रावेर-यावल पट्ट्यात केळीची बाग विकायला काढली की पहिला प्रश्न असतो, ‘रास किती?’ रास म्हणजे घडांच्या वजनाची सरासरी. पण २० किलोची रास दोन अगदी वेगळ्या बागांची असू शकते. एकीत सगळे घड १९ ते २१ किलोंचे, दुसरीत काही १२ चे आणि काही २८ चे. भावाचंही तसंच आहे. महिन्याचा सरासरी भाव सांगितला म्हणजे त्या महिन्यातली चढउतार सांगितली असं होत नाही. ती दाखवायला बॉक्स प्लॉट लागतो, म्हणजे मधल्या निम्म्या नोंदी एका पेटीत आणि फार दूरच्या नोंदी सुट्या ठिपक्यांनी दाखवणारा आलेख. तो इंटरॅक्टिव्ह केला, तर पेटीबाहेर पडलेला एखादा ठिपका नेमका कोणत्या दिवसाचा, कोणत्या तालुक्याचा, हे माउस नेताच कळतं. हा लेख आर या आकडेवारीच्या संगणकभाषेत प्लॉटली हे पॅकेज (तयार फंक्शनांचा संच) वापरून असा आलेख करण्याबद्दल आहे. उदाहरणं खान्देशातल्या बाजाराची आहेत. त्यातले आकडे समजावण्यापुरते घेतलेले आहेत.

वाचण्याआधी एक खूण

इथे सगळ्या आज्ञा उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. संगणकावर त्या रोमन लिपीत, छोट्या अक्षरांत टाइप करायच्या आणि अंकही इंग्रजीच वापरायचे. ‘प्लॉट_एलवाय’ म्हणजे प्लॉट, मग अंडरस्कोअर, मग एल आणि वाय ही दोन अक्षरं. जिथे मोठं अक्षर लागतं तिथे तसं सांगितलं आहे. आर भाषा छोटं आणि मोठं अक्षर वेगवेगळं धरते, आणि नवख्यांच्या निम्म्या चुका तिथेच होतात. आरस्टुडिओत (आर सोयीने वापरण्याच्या प्रोग्राममध्ये) पहिली तीन-चार अक्षरं टाइप करून टॅब दाबलं की उरलेलं नाव आपोआप येतं. ती सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्या.

आर आणि आरस्टुडिओ दोन्ही मोफत आहेत. आधी आर बसवा, मग आरस्टुडिओ. विंडोजवर आरची ४.२ किंवा त्यापुढची आवृत्ती घ्या, कारण तिथपासून विंडोजवरही यूटीएफ-८ (सगळ्या लिप्यांची अक्षरं साठवण्याची पद्धत) सरळ चालतं आणि देवनागरी नावांचे चौकोन होत नाहीत. मग कन्सोलमध्ये (आज्ञा टाइप करायच्या खिडकीत) एकदाच:

इन्स्टॉल.पॅकेजेस("प्लॉटली")

आणि दर वेळी काम सुरू करताना:

लायब्ररी(प्लॉटली)

माहिती नीट भरा, निम्मं काम तिथेच होतं

एका ओळीत एक नोंद हवी. स्तंभ चार पुरे: दिनांक, तालुका, बाग (म्हणजे लागवडीचा हंगाम), भाव. स्तंभांची नावं रोमन लिपीत ठेवा. आतला मजकूर (रावेर, यावल, चोपडा, मुक्ताईनगर, मृगबाग, कांदेबाग) देवनागरीत असला तरी चालतो. एक्सेलमधून फाइल ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ या प्रकारात सेव्ह करा आणि अशी वाचा:

केळी <- रीड.सीएसव्ही("केळी.सीएसव्ही", फाइलएन्कोडिंग = "यूटीएफ-८-बीओएम")

यात ‘फाइलएन्कोडिंग’मधला ‘एन्कोडिंग’चा ई मोठा, आणि अवतरणातली यूटीएफ व बीओएम ही अक्षरं मोठी. बीओएम म्हणजे फाइलच्या सुरुवातीची न दिसणारी खूण. ते गाळलं तर कधीकधी पहिल्या स्तंभाच्या नावाला कचरा चिकटतो आणि ‘दिनांक नावाचा स्तंभ नाही’ अशी तक्रार येते. स्तंभ तर डोळ्यासमोर दिसत असतो.

लगेच एसटीआर(केळी) चालवून पाहा. भाव या स्तंभापुढे ‘इंट’ किंवा ‘नम’ दिसलं पाहिजे. ‘सीएचआर’ दिसलं तर आर त्याला आकडा नाही, मजकूर समजतंय. याची नेहमीची कारणं दोन. एक, हजारानंतरचा स्वल्पविराम. दोन, भाव देवनागरी अंकांत भरलेले असणं. अशा स्तंभाचा आलेख काढला तर चूक दाखवली जात नाही, म्हणून ती जास्त धोकादायक. उभ्या अक्षावर भाव मजकुरासारखे एकाखाली एक लागतात आणि पेट्यांना काही अर्थच उरत नाही. स्वल्पविराम जीसब या फंक्शनने काढा. देवनागरी अंक सीएचएआरटीआर या फंक्शनने इंग्रजी अंकांत बदला. त्याला आधी शून्य ते नऊ देवनागरीत, मग त्याच क्रमाने इंग्रजीत द्यायचे. शेवटी अ‍ॅज.न्यूमेरिक लावा.

तारखेचं तर आणखी जपा. आपल्याकडे दिवस आधी, महिना नंतर, वर्ष शेवटी लिहितात. ०५/०६/२०२४ ही तारीख अ‍ॅज.डेट या फंक्शनला नुसती दिली, तर ते पहिला आकडा वर्ष धरतं आणि इसवी सन ५ मधली २० जून तयार करतं. तक्रार एका अक्षराचीही नाही. म्हणून साचा द्यायलाच हवा:

केळी$दिनांक <- अ‍ॅज.डेट(केळी$दिनांक, फॉरमॅट = "%डी/%एम/%वाय")

‘डेट’चा डी मोठा, साच्यातले डी आणि एम छोटे, वाय मोठा. वाय छोटा राहिला की वर्षाचे दोनच अंक वाचले जातात आणि २०२४ चं २०२० होतं.

आणखी एक गोष्ट, कारण बाजार समित्यांचे आकडे वापरणारे बरेच जण इथे अडकतात. पणन मंडळाच्या किंवा केंद्राच्या संकेतस्थळावर दिवसाला तीन भाव मिळतात: किमान, कमाल आणि सर्वसाधारण. या तिघांवरून त्या एका दिवसाची पेटी काढता येत नाही, कारण चतुर्थक (चढत्या क्रमाने लावलेल्या भावांचे चार समान भाग करणाऱ्या जागा) कुठे आहेत हे त्यातून कळतच नाही. करता येतं ते एवढंच की महिनाभराचे सर्वसाधारण भाव घ्यायचे आणि महिन्याची एक पेटी करायची. मग शीर्षकात ‘दैनिक सर्वसाधारण भावांची’ असं स्पष्ट लिहा. एका दिवसातली प्रत्येक सौद्यागणिक होणारी चढउतार त्या पेटीत नसते.

पहिली पेटी

प्लॉट_एलवाय(केळी, एक्स = ~तालुका, वाय = ~भाव, टाइप = "बॉक्स")

स्तंभाच्या नावाआधीची ~ ही खूण विसरू नका. ती ‘हे नाव केळी या तक्त्यात शोध’ असं सांगते. ती नसेल तर ‘ऑब्जेक्ट सापडला नाही’ अशी चूक येते. आरस्टुडिओच्या व्ह्यूअरमध्ये आलेख उमटेल. पेटीवर माउस न्या, आकडे दिसतील.

ते आकडे काय सांगतात हे दहा सौद्यांवर पाहू. क्विंटलचे भाव चढत्या क्रमाने: ९००, १०००, ११००, ११५०, १२००, १२५०, १३००, १४००, १५००, २४००. मध्यक, म्हणजे क्रमातला मधला भाव, १२०० आणि १२५० यांच्या मधोमध, म्हणजे १२२५. खालचा चतुर्थक ११००, वरचा १४००. पेटी या दोघांच्या मधली, उंची ३००. या उंचीची दीडपट, ४५०, वर १४०० मध्ये मिळवली की १८५० आणि खाली ११०० मधून वजा केली की ६५० येतात. या हद्दीच्या आत जो शेवटचा खरा भाव असेल तिथपर्यंत मिशी, म्हणजे पेटीतून निघणारी रेघ, जाते. म्हणून वरची मिशी १५०० ला थांबते, १८५० ला नाही. खालची ९०० ला. २४०० हद्दीबाहेर, म्हणून तो सुटा ठिपका.

दीडपटीचा हा नियम अमेरिकी संख्याशास्त्रज्ञ जॉन ट्यूकी यांचा. त्यांनी १९७७ मध्ये ही आकृती पुस्तकातून सविस्तर मांडली. तो निवाडा नाही, फक्त ‘इकडे बघा’ असा इशारा आहे. ठिपका बाहेर पडला म्हणजे नोंद चुकली असं नव्हे. निर्यातीच्या मालाचा भाव खरंच २४०० असू शकतो. उलट एखाद्याने १२४० ऐवजी २४०० टाइप केलेलंही असू शकतं. कोणतं खरं, ते मूळ पावतीच सांगेल. न पाहता ठिपका खोडणं हा या कामातला सगळ्यात वाईट प्रकार.

ठिपक्याला ओळख द्या

इंटरॅक्टिव्ह आलेखाची खरी कमाई इथे आहे. आधी प्रत्येक ओळीसाठी एक वाक्य तयार करा:

केळी$नोंद <- पेस्ट(केळी$दिनांक, केळी$बाग)

मग मूळ आज्ञेत तीन गोष्टी वाढवा: टेक्स्ट = ~नोंद, बॉक्सपॉइंट्स = "ऑल", जिटर = ०.३. आता पेटीच्या डाव्या बाजूला सगळे ठिपके दिसतील आणि प्रत्येकावर माउस नेला की तारीख व बाग दिसेल. जिटर ठिपके आडवे विखुरतो, म्हणजे एकाच भावाचे ठिपके एकमेकांखाली लपत नाहीत. शून्य दिलं तर सरळ रेष, एक दिलं तर पूर्ण रुंदीभर. ठिपके पेटीवरच हवे असतील तर पॉइंटपॉस = ० द्या. त्याची मर्यादा उणे २ ते २.

बॉक्सपॉइंट्सला ‘सस्पेक्टेडआउटलायर्स’ दिलं तर दीडपटीऐवजी तिपटीबाहेर गेलेले ठिपके वेगळे उठून दिसतात. वरच्या उदाहरणात तिपटीची वरची हद्द २३००, म्हणून २४०० तिथेही सापडतो. नोंदी तपासायला बसताना हा पर्याय फार उपयोगी आहे. फॉल्स (सगळी अक्षरं मोठी, अवतरण नाही) दिलं की ठिपके दिसत नाहीत.

सगळे ठिपके दाखवण्याचं आणखी एक कारण आहे. जून-जुलैची मृगबाग आणि ऑक्टोबरच्या आसपास लावलेली कांदेबाग यांचा माल वेगवेगळ्या हंगामात येतो, भावही वेगळे असतात. दोन्ही एकाच पेटीत घातल्या तर पेटी लांबलचक होते आणि मध्यक नेमका अशा जागी पडू शकतो जिथे एकही सौदा झालेला नसतो. नुसती पेटी हे लपवते, ठिपके मात्र दोन झुबक्यांत दिसतात. नंदुरबारच्या मिरचीत हा घोटाळा आणखी मोठा होतो. ओली लाल मिरची आणि पथारीवर वाळवलेली मिरची यांच्या भावात काही पटींचा फरक असतो. दोन्ही एका पेटीत टाकल्या तर वाळलेल्या मिरचीचे सगळे सौदे आउटलायर, म्हणजे हद्दीबाहेरचे ठिपके, ठरू शकतात. दोष मिरचीत नाही, वर्गवारीत आहे.

वर्गवारी दाखवायला रंग वापरा:

प्लॉट_एलवाय(केळी, एक्स = ~तालुका, वाय = ~भाव, कलर = ~बाग, टाइप = "बॉक्स") |> लेआउट(बॉक्समोड = "ग्रुप")

लेआउटचा भाग गाळला तर मृगबाग आणि कांदेबागेच्या पेट्या एकमेकींवर चढतात. तो लिहिल्यावर ‘लेआउटला बॉक्समोड नावाचा गुणधर्म नाही’ अशी सूचना येऊ शकते. तिच्याकडे दुर्लक्ष करा, पेट्या शेजारी-शेजारी बरोबर लागतात. |> ही खूण डावीकडचा निकाल पुढच्या आज्ञेला देते, ती आर ४.१ पासून आहे.

तालुक्यांचा क्रम सुरुवातीला अक्षरांप्रमाणे लागतो. वाचणाऱ्याला त्याचा उपयोग नाही. एक्स = ~रीऑर्डर(तालुका, भाव, मीडियन) लिहिलं की मध्यकाच्या चढत्या क्रमाने पेट्या लागतात आणि आलेख एका नजरेत कळतो. भावाच्या स्तंभात रिकाम्या जागा असतील तर आधी त्या ओळी बाजूला काढा, नाहीतर ज्या तालुक्यात एक जागा रिकामी त्याचा मध्यकच निघत नाही आणि तो शेवटी फेकला जातो. आडव्या अक्षावर वर्ष असेल तर फॅक्टर(वर्ष) करून द्या. नाहीतर वर्ष आकडा धरलं जातं आणि अक्षावर २०२२.५ सारख्या खुणा उमटतात.

आणि प्रत्येक पेटीमागे किती नोंदी आहेत ते नावापुढे लिहा: ‘चोपडा (४१)’ असं. चार नोंदींची पेटी आणि चारशे नोंदींची पेटी दिसायला सारखीच दिसते. पाचपेक्षा कमी नोंदी असतील तर पेटी काढूच नका, ठिपके ठेवा.

आधीच्या रेषालेखावर पेट्या चढवणं

बहुतेकांकडे रोजच्या भावाची रेष आधीच तयार असते. तिच्यावर महिन्याच्या पेट्या हव्या असतात. यात तीन ठिकाणी पाय घसरतो.

पहिलं, पेटी उभी करायला महिन्याची एकच तारीख लागते. पहिली तारीख दिली तर पेटी महिन्याच्या सुरुवातीवर बसते, अर्धी मागच्या महिन्यात जाते. म्हणून १५ तारीख द्या:

केळी$मध्य <- अ‍ॅज.डेट(फॉरमॅट(केळी$दिनांक, "%वाय-%एम-१५"))

इथेही ‘डेट’चा डी आणि साच्यातला वाय मोठा.

दुसरं, वारसा. प्लॉट_एलवायमध्ये जे लिहाल ते पुढच्या प्रत्येक थराला आपोआप मिळतं. रेषेसाठी दिलेला ‘मोड’ पेटीला लागू झाला की ‘बॉक्सला मोड नावाचा गुणधर्म नाही’ अशी सूचना येते. रेषेचा एक्स पेटीला मिळाला तर प्रत्येक दिवसाची एक चपटी पेटी तयार होते. उपाय सोपा आहे. वरच्या ओळीत फक्त तक्ता द्या आणि बाकी सगळं ज्याच्या त्याच्या थरात लिहा:

प्लॉट_एलवाय(केळी) |>
अ‍ॅड_लाइन्स(एक्स = ~दिनांक, वाय = ~भाव, नेम = "रोजचा भाव") |>
अ‍ॅड_बॉक्सप्लॉट(एक्स = ~मध्य, वाय = ~भाव, नेम = "महिना")

एका तारखेला चार तालुक्यांच्या चार नोंदी असतील तर रेष करवतीसारखी वरखाली होते. आधी एकच तालुका निवडा किंवा दिवसाचा मध्यक काढून घ्या.

तिसरं, पेट्यांचं तक्त्याबाहेरचं नातं. पेट्यांची माहिती दुसऱ्याच तक्त्यातून आणायची असेल तर अ‍ॅड_बॉक्सप्लॉटमध्ये डेटा = म्हणून तो तक्ता द्या आणि इनहेरिट = फॉल्स लिहा.

रेष आणि पेट्या एकमेकांत गुंतून नजर ठरत नसेल, तर शेजारी मांडा. रेषेचा आलेख एका नावात ठेवा, सगळ्या वर्षाची एक पेटी दुसऱ्या नावात, आणि सबप्लॉट(रेष, पेटी, विड्थ्स = सी(०.८, ०.२), शेअरवाय = ट्रू) द्या. ‘शेअर’नंतरचा वाय आणि पूर्ण ‘ट्रू’ मोठ्या अक्षरांत. दोन्ही आलेखांची भावाची पट्टी एकच होते. झूम केलं तर दोन्ही सोबत हलतात. खालच्या अक्षांची नावं या प्रक्रियेत गळतात. ती हवी असतील तर टायटलएक्स = ट्रू द्या, ‘टायटल’नंतरचा एक्स मोठा.

जीजीप्लॉटवरून येताना

ज्यांनी आलेख आधीच जीजीप्लॉट२ या आरच्या दुसऱ्या आलेख-पॅकेजमध्ये केला आहे त्यांना जीजीप्लॉटली(आलेख) एवढं पुरतं असं वाटतं. बहुतेक आलेखांना पुरतंही. बॉक्स प्लॉटला पुरत नाही. जीजीप्लॉटमध्ये लपवलेले आउटलायर इथे पुन्हा उगवतात, आणि वर जिटरचे ठिपके घातले असतील तर तोच सौदा दोनदा दिसतो. रंगाने विभागलेल्या पेट्या एकमेकींवर बसतात, त्यांना पुन्हा बॉक्समोड द्यावा लागतो.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे पेटीचे आकडेच बदलतात. वरचेच दहा भाव घ्या. जीजीप्लॉट चतुर्थक १११२.५ आणि १३७५ काढतं, आरचं क्वान्टाइल फंक्शनही तेच देतं. प्लॉटली मात्र कच्चे भाव घेऊन स्वतः हिशोब करतं आणि ११०० व १४०० दाखवतं. आरचं जुनं बॉक्सप्लॉट फंक्शनही इथे ११०० आणि १४०० च देतं. एक्सेलच्या ‘क्वार्टाइल.ईएक्ससी’ला विचारलं तर १०७५ आणि १४२५. यातलं कोणीही चुकलेलं नाही. चतुर्थक दोन नोंदींच्या मध्ये पडला तर किती सरकायचं, याच्या रीती वेगळ्या आहेत. हजार नोंदींत हा फरक दिसतही नाही. दहा-पंधरा नोंदींत दिसतो, आणि छापील अहवालात एक व पडद्यावर दुसरा आकडा दिसला की ऐकणारा पूर्ण कामावरच शंका घेतो. म्हणून कोणती रीत वापरली ते आलेखाखाली लिहा. प्लॉटलीत क्वार्टाइलमेथड या पर्यायाला ‘लिनिअर’, ‘एक्सक्लुझिव्ह’ किंवा ‘इनक्लुझिव्ह’ देता येतं. जीजीप्लॉटशी तंतोतंत जुळवायचं असेल तर आकडे स्वतः काढून क्यू१, मीडियन, क्यू३, लोअरफेन्स आणि अपरफेन्स असे थेट द्या. लोअरफेन्स आणि अपरफेन्स म्हणजे मिशांची टोकं, आपल्या उदाहरणात ९०० आणि १५००.

फाइल पाठवताना

आलेख एका नावात, समजा चित्र या नावात, ठेवून:

एचटीएमएलविजेट्स::सेव्हविजेट(चित्र, "केळी.एचटीएमएल", सेल्फकन्टेन्ड = ट्रू)

‘सेव्ह’नंतरचा डब्ल्यू मोठा. प्लॉटलीची सगळी यंत्रणा फाइलमध्येच भरली जाते, म्हणून ती काही एमबींची होते, पण उघडायला इंटरनेट लागत नाही. फाइल हलकी हवी असेल तर आधी चित्र <- पार्शल_बंडल(चित्र) करा. पॅनडॉक (अशी फाइल बांधायला लागणारा वेगळा प्रोग्राम) सापडत नाही अशी चूक आली तर तीच आज्ञा आरस्टुडिओतून चालवा, त्याच्यासोबत पॅनडॉक येतं. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलीत तर घेणाऱ्याला सांगा की डाउनलोड करून ब्राउझरमध्ये उघडा. मोबाइलवर माउस नसतो, ठिपक्यावर बोट टेकवायचं.

पाठवण्याआधी एक तपासणी अजिबात चुकवू नका. टेक्स्टमध्ये शेतकऱ्याचं नाव, गट क्रमांक किंवा मोबाइल नंबर टाकला असेल तर तो फाइलमध्ये जातो, आणि बॉक्सपॉइंट्स फॉल्स करून ठिपके लपवले तरी प्रत्येक सौद्याचा कच्चा भाव आतच राहतो. फाइल नोटपॅडमध्ये उघडून कोणालाही तो वाचता येतो. शेतकरी उत्पादक कंपनीचं काम असेल, व्यापाऱ्यांच्या गटात आलेख जाणार असेल, तर हे जिव्हाळ्याचं आहे. अशा वेळी पाच आकडे आधीच काढा, फक्त तेवढ्यांचा छोटा तक्ता करा आणि क्यू१, मीडियन, क्यू३, लोअरफेन्स आणि अपरफेन्स देऊन पेटी काढा. कच्चे भाव फाइलमध्ये जातच नाहीत, आणि आलेख पाहणाऱ्याला पेटी तीच दिसते.